ताईचा घास

आमच्या ओट्याखाली तीन खण आहेत. पहिल्यात रोजच्या वाट्या-चमचे, दुसऱ्यात झारे, डाव, किसणी अशी भांडकुदळ मंडळी आणि तिसऱ्यात मेणबत्त्या, जुन्या किल्ल्या, दोऱ्याची रिकामी रिळे आणि मी. आत हात घालताना बोटांना काहीतरी मऊ, झिजलेले लागले की समजावे, तो मीच. मित्रांनो, मी बाळांना भरवायचा एक जुना चमचा आहे. चमचा म्हटले की मोठी माणसे गालात हसतात. हसू द्या. मी कुणाच्या मागेपुढे केले नाही, फक्त हात नेईल तिकडे गेलो. माझी सगळी गोष्ट त्यातच आली आणि माझी चूकही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी स्टीलची दांडी कापली, वाकवली, घासली. मग बाळाच्या हिरड्यांना लागू नये म्हणून टोकावर रबरासारखी मऊ पिवळी टोपी बसवली. शेवटच्या टेबलावर तपासणारी बाई बसायची. ती प्रत्येक चमच्याच्या कडेवरून अंगठा फिरवायची. खरखर लागली की चमचा डाव्या टोपलीत, नाही तर उजव्या. माझ्यावरून तिने दोनदा अंगठा फिरवला. "जा बाबा," ती म्हणाली, "कुणाचं तरी पोट भर." पोट भरणे हे माझे काम, एवढे मी तेव्हापासून समजत आलो. पोट भरले हे ओळखायचे कुणी, ते तिने सांगितले नाही.

मला विकत घेतले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. दिवसभर तो उंच इमारतींत बंद पडलेल्या लिफ्टमधून अडकलेल्या माणसांना सोडवायचा आणि संध्याकाळी तीन जिने चढून घरी यायचा, कारण त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. शेजारी त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायचे. त्याची बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचे मशीन होते आणि भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले होते. प्रत्येक नमुन्यावर खडूने वय लिहिलेले असे. पाच, सहा, सात, आठ. हे नमुने लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्यांना एक मुलगी होती. तिला आपण थोरली म्हणू. माझी-तिची भेट झाली तेव्हा ती सहा महिन्यांची होती. हलकी, शांत, मोठ्या डोळ्यांची. मऊ भाताचे चार-पाच घास झाले की तिच्या कपाळावर घाम यायचा, ओठ निळसर पडायचे आणि श्वास असा भराभर चालायचा, की ही जेवली की जिने चढून आली, असे वाटावे. मग ती ओठ मिटायची. तरीही मी पुढे आलोच, तर डाव्या हाताच्या पाठीने मला अलगद बाजूला सारायची आणि आईच्या खांद्यात तोंड लपवायची. पुरे म्हणायची ती तिची रीत होती. इतके स्वच्छ बोलणे मी पुढे मोठ्या माणसांकडूनही फारसे ऐकले नाही.

दहाव्या महिन्यात तिला खालचे दोन दात आले. हिरड्या शिवशिवू लागल्या. मग जेवण नको असले तरी मी हवा असायचो. रिकाम्या मला ती दोन्ही मुठींत धरायची, चावत बसायची आणि सोडायला तयार नसायची. माझ्या पिवळ्या टोकाच्या डाव्या कडेला दोन बारीक खळगे पडले, अगदी शेजारी शेजारी. "बघा, भूक लागलीय हिला," आई म्हणायची आणि घाईघाईने मला वाटीत बुडवायची. भूक नव्हती, मित्रांनो. दात शिवशिवत होते. मला ते कळत होते, पण चमचा तोंडात जातो, त्याला स्वतःचे तोंड नसते.

चौदाव्या महिन्यात थोरलीला ताप आला. तिला दवाखान्यात न्यायचे ठरले, तेव्हा आई तिला भरवत होती आणि वाटीत निम्मा भात उरला होता. वाटेत खाईल म्हणून आईने ती वाटी माझ्यासकट झाकून पिशवीत टाकली. तीन दिवसांनी वाटी घरी परत आली. भात वाळून खडा झाला होता. थोरली परत आली नाही.

तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता, असे डॉक्टरांनी सांगितले आणि कागदावर लिहूनही दिले. पण भेटायला आलेली आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, ती वाटी घासता घासता म्हणाली, "पोरगी खायचीच नाही गं. दोन घास जास्त गेले असते, तर अंगात ताकद राहिली असती." आत्या वाईट बाई नव्हती. तिला रडू येत होते आणि काहीतरी बोलायचे होते. आईने मात्र तेवढे एकच वाक्य उचलले. डॉक्टरांचा कागद न वाचता तिने थोरलीच्या वजनाच्या कार्डात घडी करून ठेवला आणि ते कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात. कार्डावरचा शेवटचा आकडा सात किलोंचा होता.

मी तिसऱ्या खणात गेलो. दोन वर्षे कुणी मला हात लावला नाही. एकदा भर दुपारी, बाहेर शिलाई मशीन चालू असताना, त्या बंद खणात माझ्या टोकाला काहीतरी लागले. मऊ, ओलसर आणि त्यात दोन टणक टोके. उंदीर असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण उंदीर किल्ल्यांच्या आवाजाने पळाला असता. हे पळाले नाही. सावकाश चावत राहिले. असे कोण चावायचे, ते मला चांगले ठाऊक होते.

मग धाकटी जन्मली. खरे नाव काहीही असो, घरात सगळे तिला ठकू म्हणायचे. पोर ठणठणीत होती, आवाज तर तीन जिने खाली ऐकू जायचा. या वेळी आईने डोळ्यांत तेल घातले होते. ठकू रडली की भूक. जागी झाली की भूक. लंगोट ओला झाला, डास चावला, कंटाळा आला, तरी भूकच. अंगावरचे दूध पुरत असताना वरच्या दुधाची बाटली आली, बाटलीत साखर आली आणि डब्यावर लिहिलेल्या मापापेक्षा पावडर एक माप जास्तच पडू लागली. सहा महिने पुरे होईपर्यंत वरचे काही देऊ नका, असे दवाखान्यातल्या सिस्टरने बजावले होते. आईने ते कानामागे टाकले. चौथ्या महिन्यातच तिने मला बाहेर काढले, उकळत्या पाण्यात बुचकळले आणि दुधात कुस्करलेले बिस्किट घेऊन मी ठकूच्या तोंडाशी उभा राहिलो. ती मानसुद्धा अजून नीट धरत नव्हती.

ठकूलाही पुरे म्हणता येत होते. ते सगळ्याच बाळांना येते, कुणाला शिकवावे लागत नाही. ती तोंड फिरवायची, जिभेने घास बाहेर लोटायची. आई हनुवटीवरचा घास माझ्याच कडेने गोळा करायची आणि पुन्हा आत सरकवायची. वाटीत काही उरलेले तिला बघवायचे नाही. तळाशी चार शिते दिसली तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. एके दिवशी वाटीत एकच घास उरला होता आणि ठकूने ओठ गच्च मिटले होते. आई हळूच म्हणाली, "तुझं झालं ना? बरं. मग हा ताईचा."

ठकूने तोंड उघडले.

तेव्हापासून प्रत्येक जेवणात शेवटचा घास ताईचा, असे ठरूनच गेले. तो घास उचलताना मी जड व्हायचो. भात तेवढाच असायचा, हातही तोच, पण दुसऱ्या कुणीतरी माझी दांडी मागून धरली आहे, असे मला वाटायचे.

वर्षाच्या आत मोबाइलही आला. आई तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायची. पडद्यावर रंगीत ससे गात सुटायचे आणि ठकूचे तोंड आपोआप उघडायचे. आता ती मला बाजूला सारत नव्हती. खरे सांगायचे तर मी आत आलो हेच तिला कळत नव्हते. डोळे पडद्यावर, तोंड उघडे. झोपलेल्या माणसाच्या घरात आपण पाय न वाजवता शिरावे, तसे मला व्हायचे. बाळाचे पुरे ऐकू येईनासे झाले की जेवण किती सोपे होते, ते मी तेव्हा पाहिले. सोपे झाले म्हणून मला आनंदही झाला. तो मला आज आठवला की लाज वाटते.

लोक तोंडभरून कौतुक करायचे. खालच्या मजल्यावरची शेजारीण ठकूच्या मनगटावरच्या वळ्या मोजायची. आत्या म्हणायची, "आता कशी अंगानं भरली. माझ्या भावाचं घर उजळलं." जवळच्या महिला मंडळाने गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठेवली आणि ठकूला पहिला नंबर मिळाला. बक्षीस म्हणून एक भलीमोठी स्टीलची वाटी आली, तिच्यावर नंबर कोरलेला. आईने ती वाटी घरी आणून छातीशी धरली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. मीही तिच्या हातात होतो. आपण जग जिंकले, असे मला वाटले.

ठकू तीन वर्षांची झाल्यावर मोठ्या चमच्याने स्वतः जेवू लागली. माझे काम संपायला हवे होते. पण आईने मला सोडले नाही. ठकूचे जेवण झाले की ती बक्षिसाच्या वाटीत वेगळे वाढायची आणि मला हातात घ्यायची. ती वाटी ताईची झाली होती आणि मीही ताईचा.

एका सकाळी मला नळाखाली धरता धरता आईचा हात थांबला. माझ्या टोकाच्या उजव्या कडेला दोन नवे खळगे होते. शेजारी शेजारी, बारीक. डावीकडचे दोन जुने, उजवीकडचे दोन ताजे. ठकूच्या तोंडात तोवर वीस दात होते, ती चावली असती तर अख्खी ओळ उमटली असती. आईने त्या खळग्यांत अंगठ्याचे नख टेकवून पाहिले. मग तिने नळ बंद केला आणि कुणीतरी अगदी जवळ उभे असावे, अशा आवाजात विचारले, "भूक लागलीय का गं तुला?"

त्या दिवसापासून ताईची वाटी काठोकाठ भरू लागली. मी ओरडून सांगायला हवे होते, की बाई, ही भूक नव्हे. पण मी वाटीत बुडालो आणि निघालो.

ठकू आता बालवाडीत जायची. बाबा तिला खांद्यावर बसवून तीन जिने उतरवायचे आणि संध्याकाळी चढवायचे, कारण स्वतः चढली की ती प्रत्येक मजल्यावर बसायची. मैदानात सोडले तर झोपाळ्याच्या खांबाला टेकून उभी राहायची. मुले पळायची, ती पळणाऱ्या मुलांकडे बघायची. घरी आली की पडदा, पडदा लागला की काहीतरी चघळायला. एके दिवशी तिने शाळेत घरातल्या माणसांचे चित्र काढून आणले. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले. आई होती, बाबा होते आणि मधोमध एक मोठा गोल, तो ठकू. गोलाच्या आत आणखी एक छोटी मुलगी काढलेली होती. तिला डोळे होते, केस होते आणि तोंडात फक्त दोन दात.

"ही कोण?" बाबांनी विचारले.

"ताई."

"ती आत कशी?"

"मी तिचं खाते ना," ठकू म्हणाली. ही साधी गोष्ट बाबांना कशी कळत नाही, याचेच तिला नवल वाटत होते. "मग ती तिथंच राहते."

बाबांनी आईकडे पाहिले. "हिला काय सांगितलंस तू?"

"मी काहीच नाही सांगितलं," आई म्हणाली. "दातांचं तर मुळीच नाही."

बाबांनी चित्र दोनदा घडी घालून खिशात ठेवले. त्यांना बोलायचे होते, ते मला दिसत होते. पण अडकलेली माणसे सोडवणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या घरातले दार कुठून उघडायचे, हे सापडत नव्हते. त्या दिवशीही ताईची वाटी भरली.

ठकूला पाच पूर्ण झाली तेव्हा आई तिचा गणवेश शिवायला बसली. तिने पाचाचा नमुना काढला, तो बसेना. सहाचा बसेना, साताचाही. शेवटी आठाचा बसला, नुसती लांबी कापावी लागली. मी खिडकीतल्या पेल्यात उभा होतो. ठकूच्या कमरेभोवती टेप धरून आई तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. थोरली असती, तर त्या वर्षी आठ वर्षांची झाली असती. "अगदी तिच्या मापाची झालीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

आईला भीती वाटली ती नंतर, एका दुपारी. ठकू जेवून मशीनशेजारच्या चटईवर झोपली होती. तिचे घोरणे आता घराला सवयीचे झाले होते. आत्या त्यालाही गाढ झोप म्हणायची. आई बाही जोडत होती. अचानक घोरणे थांबले. आईने मशीनवरचा पाय थांबवला. खोलीत काहीच वाजेना. ठकूची छाती हलत नव्हती. तिचे ओठ निळसर दिसत होते आणि मग, डोळे मिटलेले असताना, तिचे तोंड हळूच उघडले. घास घ्यायला उघडायचे, अगदी तसे. आई उठणार, तोच ठकूने मोठा आवाज करून श्वास ओढला आणि कुशीवर वळली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच झाले. ते निळे ओठ आईने आधीही पाहिले होते. तिने गणवेश तसाच सुईखाली सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ठकूला घेऊन दवाखान्यात गेली. बाबाही सुट्टी काढून बरोबर गेले. पिशवीत डबा होता आणि डब्याबरोबर मी होतोच, कारण आई मला घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. सिस्टरने ठकूला काट्यावर उभे केले आणि आकडा मोठ्याने वाचला. "पंचवीस किलो." मग तिने भिंतीवरच्या पट्टीवर उंची घेतली, तक्त्यावर बोट फिरवले आणि सांगितले, "आई, एवढ्या उंचीला अठरा पुरे होतं. सात किलो जास्त आहे."

"किती?" आईने विचारले.

"सात."

आईने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून थोरलीचे कार्ड काढले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तिथेही सातच होते. बाबांनी तिचा हात धरला. ठकू काट्यावरून खाली उतरली नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, ताई आत राहते."

मुलांच्या डॉक्टर वयस्कर होत्या आणि घाईत नव्हत्या. जेवायला कोण वाढते, असे त्यांनी ठकूलाच विचारले. "आधी मी माझं खाते," ठकू म्हणाली, "मग आई मला ताईचं भरवते. त्या चमच्यानं." आणि तिने पिशवीकडे बोट दाखवले. डॉक्टरांनी मला हातात घेतले, टोकावरच्या चारही खळग्यांवरून अंगठा फिरवला, अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखा. मग मला टेबलावर ठेवून त्या आईकडे वळल्या. आईने सगळे सांगितले. निम्मी वाटी, आत्याचे वाक्य, तो शेवटचा भात. सांगताना ती एकदाही रडली नाही.

डॉक्टरांनी कार्डात घडी करून ठेवलेला कागद उलगडला आणि शेवटपर्यंत वाचला. "हा वाचलात का कधी?"

"नाही."

"मग ऐका. तुमच्या मोठ्या मुलीला भूक नव्हती असं नाही. खायलाही कष्ट पडतात, तान्ह्या बाळाला तर फारच, आणि तिच्या हृदयाला ते झेपत नव्हतं. ती थकायची म्हणून थांबायची. तुम्ही त्या दिवशी ती वाटी संपवली असती, तरी ती राहिली नसती. तुमच्या हातून काही कमी पडलं नव्हतं." त्यांनी ठकूकडे पाहिले. "पण हिच्या बाबतीत जास्त पडतंय. झोपेत हिचा श्वास अडतो, ते आधी तपासून घेऊ. हिला उपाशी ठेवायचं नाही, रागवायचं नाही, जाडी म्हणायचं नाही. आत्ता वजन उतरवायचीही घाई नाही. ते वाढू नये आणि उंची वाढत जावी, एवढं पाहा. जेवताना पडदा बंद. गोड पेयं आणि बिस्किटं घरातच आणू नका, तुमच्यासाठीसुद्धा. रोज तासभर तरी खेळ, वेळेवर झोप. आणि ती थांबली की तुम्ही थांबा."

"आणि ताईचं?" आईने विचारले. पाच वर्षांत हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता.

"तिला काही लागत नाही, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "लागतं ते तुम्हाला."

त्या दिवशी दुपारी तिघे टेबलाशी बसले. बाबांनी मोबाइल आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकून कडी लावली होती. ठकूने आधी थोडा दंगा केला, मग कंटाळून ताटाकडे पाहिले आणि घरात इतकी शांतता का आहे, असे विचारले. ती सावकाश जेवली. जेवण झाल्यावर आई उठली. तिचे पाय तिला ओट्याकडे घेऊन गेले आणि हाताने बक्षिसाची वाटी काढली, भात वाढला, मला उचलले. डॉक्टरांचे ऐकून आलेली बाई हे काय करते आहे, असे तुम्हाला वाटेल. पाच वर्षांची सवय होती ती, मित्रांनो. बाबा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

मी निघालो. घास एकच होता, पण आजवर कधी नव्हतो इतका मी जड झालो होतो. ठकू माझ्याकडे बघत होती. पडदा नव्हता, ससे नव्हते, त्यामुळे मी येताना तिला पहिल्यांदाच दिसलो. "हा ताईचा," आई म्हणाली. ठकूने ओठ मिटले. मी ओठांना टेकलो. आणि मग तिने डाव्या हाताच्या पाठीने मला अलगद बाजूला सारले आणि आईच्या खांद्यात तोंड लपवले.

हे तिला कुणी शिकवले नव्हते. थोरलीचा एकही व्हिडिओ घरात नव्हता आणि तिच्या या रीतीबद्दल कुणी कधी बोलले नव्हते. ती आईला, बाबांना आणि मला, तिघांनाच माहीत होती. माझ्यातला घास गार झाला.

मग आईने मला खाली ठेवले. घासासकट, भरल्या वाटीत. "पुरे ना?" तिने विचारले. खांद्यात लपलेली मान हलली. आईने दोन्ही हातांनी ते डोके धरले आणि थोरली गेल्यापासून जे रडायचे राहिले होते, ते ती तेव्हा रडली. बाबाही रडले. वाटी संध्याकाळपर्यंत टेबलावर होती. तिला कुणी हात लावला नाही, भाताचे एक शीतही कमी झाले नाही. आईने दोनदा येऊन ते नीट पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला घासले, तेव्हा माझ्या टोकाच्या अगदी मध्ये दोन ताजे खळगे होते. तिने ते पाहिले. मी घाबरलो, आता पुन्हा वाटी भरणार. पण आईने मला कोरड्या फडक्याने पुसले, तिसरा खण उघडला आणि मला रिकामाच आत ठेवला. "घे," ती खणात वाकून म्हणाली. "चाव हवं तेवढं."

त्याला आता दोन वर्षे झाली. ठकूच्या झोपेवर उपचार झाले आणि तिचा श्वास आता अडत नाही. वजन लगेच उतरले नाही. मधे एकदा वाढलेही आणि घरात भांडण झाले. आत्याने तर महिनाभर अबोला धरला. पण ठकू जिने चढते, हे मला ऐकू येते. आधी ती तीनदा थांबायची, मग दोनदा, हल्ली एकदाच थांबते आणि तेही बाबांना दम लागतो म्हणून.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. एक दिवस तुमच्याही हातात असा छोटा चमचा येईल आणि समोर एक छोटे तोंड असेल. तेव्हा वाटीकडे बघू नका, पडद्याकडे बघू नका, आणि जे आपल्यातून गेले त्यांची भूक त्या तोंडात घालू नका. तोंडाकडे बघा. ते वळले, मिटले, की चमचा खाली ठेवा. चमच्याला थांबता येत नाही, तुम्हाला येते.

माझे म्हणाल, तर माझे बरे चालले आहे. दुपारी मशीन सुरू झाले की खणातल्या किल्ल्या किंचित वाजतात आणि दोन दात माझ्या टोकाला टेकतात. पूर्वी मी घाबरायचो, आता पडून राहतो. ती जेवायला येत नाही. तिच्या हिरड्या शिवशिवतात, एवढेच.